आईच्या पाटल्यांचा कस

त्या वर्षी आमच्या घरात कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. धायरी तेव्हा धड गाव राहिली नव्हती आणि धड शहरही झाली नव्हती. आमच्या दोन खोल्यांच्या मागं ज्वारी उभी असायची, आणि पुढं, जिथं आदल्या वर्षी वांगी लावलेली होती, तिथं सकाळी सातला सिमेंट कालवायचं यंत्र सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत घरघरत राहायचं. त्या घरघरीवर मात करायला आई रेडिओ मोठा करायची, रेडिओवर मात करायला बाबा मोठ्यानं बोलायचे, आणि मी पुस्तक घेऊन गच्चीच्या अर्धवट जिन्यात बसायचे. बाबा सरकारी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. तिथं संगणक आले होते आणि खिळे जुळवणाऱ्या माणसांचं पुढं काय करायचं, हे साहेबांना ठरवता येत नव्हतं. त्यामुळे बाबा रोज संध्याकाळी नवी बातमी आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती खोटी निघायची. आई पर्वतीच्या पायथ्याच्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ती अस्वस्थ असली की शेंगदाणे भाजायला घ्यायची आणि खलबत्त्यात कुटायची. त्या वर्षी आम्ही शेंगदाण्याची चटणी इतकी खाल्ली, की अजूनही तो वास आला की मला कुठंतरी निघायचं राहून गेलंय असं वाटतं.

निघायचं होतंच. मी नुकतीच संगणकाची पदवी घेतली होती. माझ्या वर्गातली निम्मी मुलं अमेरिकेला निघाली होती आणि उरलेली निम्मी, आपण का निघालो नाही, हे घरच्यांना समजावून सांगत होती. मला तिकडच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं. निम्मी फी माफ होती. उरलेल्या खर्चाची ऐपत आपल्या घरात आहे, हे व्हिसाच्या मुलाखतीत कागदांवर दाखवायचं होतं. कॉलेजातल्या एका मुलीकडून मी कागदांची यादी उतरवून आणली. बाबांचा भविष्यनिर्वाह निधी, आईची पगारपत्रकं, घराचा उतारा, आणि शेवटी एक ओळ: ‘सोन्याचे दागिने असल्यास सरकारमान्य व्हॅल्युअरचा दाखला.’ ती ओळ वाचून आईचा चेहरा उजळला. “ते तर आहेच की आपल्याकडं,” ती म्हणाली.

आमच्या घरातलं सोनं हा वारसा नव्हता, हे इथं सांगायला हवं. माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, सासवडकडच्या गावात सोनाराच्या दुकानाची पायरी फक्त पाहिली. चढली नाही. चांदीची जोडवी तिनं खाली उभं राहून मागितली आणि ती वरून तिच्या पदरात टाकली गेली. ही गोष्ट आई कधी रागानं सांगत नसे, पाढा म्हणावा तशी सांगे. पुढं घरानं धम्म स्वीकारला, आई शिकली, नोकरीला लागली. तिचं लग्न पांढऱ्या साडीत, पंचशील म्हणून झालं. अंगावर सोनं नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. सोनं घ्यायचं तिच्या मनात आलं ते पगाराची थकबाकी हातात पडली तेव्हा. ती रविवार पेठेतल्या एका सराफाच्या दुकानात एकटीच शिरली. पेढीवरचे शेठ उठून म्हणाले, “या बाई, बसा.” त्यांनी खुर्ची पुढं केली आणि चहा सांगितला. आई सांगायची, की तो चहा इतका गोड होता, की तिला तो नीट पिताच आला नाही. त्या दिवशी तिनं कानातल्या कुड्या घेतल्या. मग वीस वर्षांत, एकेक करून, चार बांगड्या, बोरमाळ आणि शेवटी पाटल्या. दुसऱ्या दुकानाचं नाव तिनं कधी काढलं नाही. उलट शाळेतल्या बायकांना ती हाताला धरून तिथं घेऊन जायची. “माझे शेठ आहेत,” असं म्हणायची. ‘माझे’ या शब्दावर तिचा जोर असे.

म्हणून दाखल्यासाठी ती आधी शेठकडंच गेली. मीही बरोबर होते. शेठ तोवर सत्तरीला आलेले, कानावर पांढरे केस, बोलणं लोण्यासारखं. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “व्हॅल्युअर कशाला? मी माझ्या लेटरहेडवर लिहून देतो.” मी म्हटलं, “विकणाऱ्याचं चालत नाही. त्रयस्थ माणूस लागतो.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आईकडं पाहिलं. “बाई, उगाच बाहेर दाखवू नका. ते लोक दगडावर घासतात. सोनं झिजतं.” आई हसली. “झिजू दे थोडं. लेकीसाठीच आहे.” शेठ खातेवही चाळायला लागले. चहाही त्या दिवशी आला नाही, पण ते आमच्या नंतर ध्यानात आलं.

व्हॅल्युअर करंदीकर नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर बसत. खोलीत एक टेबल, एक तराजू, काचेची पेटी आणि खिडकीकडून येणारा उजेड, एवढंच. आई दारात घुटमळली तशी आतून आवाज आला, “दागिने आणलेत की विचार करायला आलात?” आईनं रुमालाची गाठ सोडली. सोबत वीस वर्षांच्या पावत्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेवार लावलेल्या. करंदीकरांनी वरची पावती डोळ्यांजवळ धरली. “यावर ‘पाटल्या जोड एक’ असं लिहिलंय. पाटल्या आहेत, यात शंका नाही. कशाच्या, ते लिहिलेलं नाही.”

“बावीस कॅरेटच्या,” आई म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“शेठ म्हणाले होते.”

“म्हणाले होते,” करंदीकर म्हणाले, आणि त्यांनी कसोटीचा काळा दगड पुढं ओढला.

त्यांनी पाटलीची कड दगडावर घासली. पिवळी रेघ उमटली. तिच्या शेजारी त्यांनी आपल्याजवळच्या, कस माहीत असलेल्या सोन्याच्या काडीनं दुसरी रेघ ओढली. मग बाटलीतला तेजाबाचा थेंब काचेच्या कांडीनं दोन्ही रेघांवरून फिरवला. काडीची रेघ जागच्या जागी राहिली. आईची रेघ आधी हिरवट झाली, मग विरळ झाली, आणि आम्ही बघत असतानाच निम्मी पुसली गेली. करंदीकरांनी दुसरी पाटली घेतली. मग बांगड्या. मग बोरमाळेचा एक मणी त्यांनी सुईनं जरासा उकरला आणि आतली लाख दाखवली. “लाख असतेच बोरमाळेत, त्यात फसवणूक नाही. पण तुमच्या पावतीवर सोन्याचं म्हणून जे वजन धरलंय, त्यात ही लाखही मोजलीय.” पाटल्या चौदा कॅरेटच्या आत होत्या. बांगड्या त्याहून खाली. कुड्या, ज्या तिनं सगळ्यात आधी घेतल्या होत्या, त्या तर सगळ्यात हलक्या निघाल्या. ते मला फार लागलं. म्हणजे अगदी पहिल्या दिवशीच, त्या गोड चहाच्या दिवशीच.

“तुमची काही चूक तर होत नाही ना?” आईनं विचारलं. शाळेत एखाद्या पोराच्या बापाशी बोलावं तशा आवाजात.

करंदीकरांनी चष्मा काढला. प्रथमच त्यांचा आवाज खाली आला. “बाई, मी चुकलो असतो तर मला आनंद झाला असता. आपण दुसरीकडेही दाखवून घ्या. मी लिहितो ते जे आहे तेच लिहितो. किती लिहायचं, हे मला कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तर मी दार दाखवतो.”

हल्ली दागिन्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. परवा माझ्या मुलीनं ती मोबाइलमध्ये घालून दुकानातच सगळं पडताळून पाहिलं आणि मला म्हणाली, “तुमच्या वेळी लोक विश्वास कसा ठेवायचे?” मी म्हटलं, खूप ठेवायचे.

घरी येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. आनंदनगर मागं पडलं, वडगाव आलं, तरी ती मांडीवरच्या पावत्या पुन्हा पुन्हा तारखेवार लावत होती. घरी पोचल्या पोचल्या तिनं शेंगदाणे काढले. बाबांनी सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जाऊ दे. वीस वर्षं झाली. त्या म्हाताऱ्याशी भांडून काय मिळणार? आपलं काय, अंगावर घालायचं तर पितळही चमकतं.” आईनं बत्ता खलात आपटला आणि तसाच ठेवून ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली. ज्वारीत पाखरं हाकलायला कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवत होतं.

आता माझ्याबद्दल लिहायला हवं, आणि ते लिहायला मला आजही जड जातं. आईच्या त्या रेघा पुसल्या जाताना मी पाहिल्या होत्या, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. करंदीकरांच्या दाखल्यावरचा आकडा मी धरून चालले होते त्याच्या निम्म्याच्या जवळपास होता. मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती. मला रात्री झोप लागत नव्हती, दिवसा जेवण जात नव्हतं, आणि आईचं दुःख मला माझ्या वाटेत आडवं पडल्यासारखं वाटत होतं. ज्या मुलीनं मला यादी दिली होती तिनंच स्टेशनजवळच्या एका व्हॅल्युअरचा पत्ता दिला. आई शाळेत असताना मी कपाटातून रुमाल काढला आणि गेले. माणूस तरुण होता, टेबलावर दोन फोन, मागं थंड हवेचं यंत्र. मी गाठ सोडायला लागले तशी तो म्हणाला, “उघडू नका, मॅडम. किती दाखवायचंय?”

मी आकडा सांगितला. त्यानं तो लिहिला. वर शिक्का मारला. खाली लफ्फेदार सही केली. मी रुमाल न सोडताच परत आणला आणि होता तसा कपाटात ठेवला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्या रात्री मला झोप लागली.

दोन दिवसांनी मी फाइल लावत बसले असताना आई शाळेतून आली. तिनं चप्पल काढली, हातपाय धुतले आणि माझ्याशेजारी खाली बसली. मुलांच्या वह्या तपासायची तिला सवय, कागद दिसला की ती उचलायचीच. तिनं स्टेशनजवळचा दाखला उचलला, वाचला, मग करंदीकरांचा वाचला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

“हे कुणाचं सोनं आहे?” तिनं विचारलं.

“आपलंच.”

“माझं तर नाही. माझं दगडावर पुसलं गेलं, ते मी पाहिलंय.”

“आई, एक आकडा आहे नुसता. सगळे असंच करतात. सोनं विकायचं थोडंच आहे? कुणाचं नुकसान होतंय?”

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. “शेठही मनाशी असंच म्हणाले असतील,” एवढं म्हणून ती उठली आणि पुन्हा चप्पल घालायला लागली. “मला सखूबाईकडं जायचंय. येतेस?”

सखूबाई आईच्या शाळेत शिपाई होत्या. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पोरांना पाणी पाजायचं, ही त्यांची कामं. त्यांची मुलगी मंदा आईच्याच वर्गात शिकून सातवी झाली होती आणि लोणी काळभोरला दिली होती. तिच्या लग्नात सखूबाईंनी साठवलेल्या सगळ्या पैशांची एक सोन्याची पोत केली होती, आणि ती करायला आईनंच त्यांना शेठकडं नेलं होतं. आई चार दिवस का तळमळत होती, हे मला त्या वाटेवर कळलं. तिनं अशा सात जणींना नेलं होतं. सहा जणींना तिनं शाळेत आणि त्यांच्या घरी जाऊन सांगून टाकलं होतं. दोघी रडल्या होत्या. एकीनं, जिच्याबरोबर आई पंधरा वर्षं एका डब्यात जेवत होती, तिनं विचारलं होतं, “तुम्हाला त्यात काही मिळत होतं का?” आईनं त्या बाईलाही करंदीकरांचा पत्ता लिहून दिला होता. राहिल्या होत्या सखूबाई. त्यांना सांगायचं म्हणजे मंदाच्या संसारात ठिणगी टाकायची, आणि न सांगायचं म्हणजे शेठच्या बाजूला जाऊन बसायचं. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत चढताना आई दोनदा थांबली. दम लागला म्हणून असं तिनं सांगितलं.

सखूबाई दारात मेथी निवडत होत्या. आईनं बसल्या बसल्या, कसलीही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. माझी फसवणूक झाली, माझ्यामुळं तुमची झाली, मंदाची पोत तपासून घ्यायला हवी. सखूबाईंचे हात मेथीवर चालूच होते.

“बाई,” त्या म्हणाल्या, “मला ठावं हाय.”

आईला ते कळलंच नाही. “काय ठाऊक आहे?”

“पोतीचं. दोन वर्सं झाली. मंदाच्या मालकानं हडपसरला मोडायला नेली हुती, मोटार टाकायची म्हनून हिरीवर. तिथल्या सोनारानं सांगितलं, सोनं थोडं अन् तांबंच लई. तवापासनं सासू तिला नावानं हाक मारीत न्हाई. तांब्याची म्हनती.”

“आणि तुम्ही मला बोलला नाहीत? रोज भेटतो आपण. दोन वर्षं?”

सखूबाईंनी जुडी खाली ठेवली. “कशी बोलू? तुमी मला हाताला धरून आत नेलं. खुर्चीवर बसवलं. म्या जलमात पयल्यांदा सोनाराच्या दुकानात बसले हुते, बाई. तुमी किती खुशीत हुता त्या दिशी. तुमाला कळलं असतं तर तुमी मोडून गेला असता. मंदाला म्हनलं, सोस. बाईंच्या कानावर घालू नगंस.”

आई त्या दारात, निवडलेल्या मेथीच्या काड्यांमध्ये, तोंडावर पदर घेऊन रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. सखूबाई उठल्या, त्यांनी तिला पाणी दिलं आणि पाठीवर हात फिरवत राहिल्या, जशा शाळेत पडलेल्या पोरांना फिरवत असतील. मी काय केलं? मी मेथी निवडायला घेतली. तिथं बसवतही नव्हतं आणि उठून जायचं धाडसही होत नव्हतं. घरी आल्यावर मी स्टेशनजवळचा दाखला फाइलमधून काढला आणि फाडला. प्रामाणिकपणा म्हणून फाडला की आईच्या नजरेला घाबरून, हे मला आज केस पांढरे झाल्यावरही सांगता येत नाही.

त्यानंतर मंदा माहेरपणाचं निमित्त करून पोत घेऊन आली. करंदीकरांनी तिची फी घेतली नाही. “दोन वाट्या आणि चार मणी, यात तपासायचं ते काय, म्हणून घेत नाही. उपकार समजू नका,” असं ते म्हणाले. आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर आई, सखूबाई, मी आणि त्या सहांपैकी चौघी रविवार पेठेत गेलो. लग्नसराई होती. दुकान भरलेलं होतं. आईनं करंदीकरांचे दाखले आणि शेठच्या पावत्या जोड्या लावून पेढीवर मांडल्या. शेठनी एक नजर टाकली आणि हसून म्हणाले, “बाई, आतल्या खोलीत बसून बोलू ना. चहा सांगतो.”

“इथंच बरं आहे,” आई म्हणाली. “चहा नको.”

ती आवाज चढवत नव्हती. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा एवढाच तिचा आवाज होता, पण तो पोचायचा. शेजारी एक कुटुंब मुलीसाठी तोडे बघत होतं, त्यातल्या बाईंनी हातातला तोडा हळूच खाली ठेवला. शेठनी आधी सांधे जोडायचा डाख लावताना कस उतरतो असं सांगितलं, मग त्या वेळचा कारागीर आता हयात नाही असं सांगितलं, मग म्हणाले, बाहेरच्या माणसाचा काय भरवसा? आई प्रत्येक वेळी पुढची जोडी पुढं सरकवत होती. शेवटी त्यांचं ते लोणी संपलं.

“बाई, त्या काळात तुमच्या लोकांना खुर्चीवर बसवून चहा कोण पाजत होतं या गल्लीत? मी पाजला. ते विसरलात?”

मी पुढं होणार तोच आईनं माझं मनगट धरलं.

“नाही विसरले,” ती म्हणाली. “पण खुर्चीचे पैसे दागिन्यात लावताय, एवढं तेव्हाच सांगायचं होतंत. मी उभ्यानं घेतलं असतं.”

तोडे बघणारं कुटुंब उठून गेलं. त्यांच्यामागं आणखी एक जोडपं उठलं. तेव्हा आतून शेठचा मुलगा आला. बापाकडं न बघता त्यानं सगळे कागद गोळा केले आणि म्हणाला, “पावतीवर जे वजन आहे त्या वजनाचं, बावीसचं करून देतो. किती दिवसांत पाहिजे?” आई म्हणाली, “आधी सखूबाईंची पोत. आणि हातात घ्यायच्या आधी करंदीकर तपासतील.” तो म्हणाला, “तपासू द्या.”

गोष्टीत होतं तसं सगळं सरळ झालं नाही. दोघींच्या पावत्या हरवल्या होत्या, त्यांना काही मिळालं नाही, आणि त्यांतली एक पुढं आईशी कधी बोलली नाही. आईच्या पाटल्या आणि बांगड्या सहा महिने खेटे घातल्यावर मिळाल्या. बोरमाळेचं भांडण कधी मिटलंच नाही. ती तिनं तशीच, लाखेसकट, ठेवून दिली. शेठ त्यानंतर पेढीवर दिसले नाहीत. कुणी म्हणायचं आजारी आहेत, कुणी म्हणायचं मुलानं बसू दिलं नाही.

माझी मुलाखत दरम्यान होऊन गेली. मी मुंबईच्या वकिलातीत करंदीकरांचा दाखला लावलेली फाइल घेऊन काचेसमोर उभी राहिले. काचेमागच्या माणसानं बाबांचा पगार विचारला, आईचा विचारला, दोन पानं उलटली आणि मला व्हिसा देता येत नाही असं सांगितलं. सोन्याच्या कागदापर्यंत तो पोचला की नाही, हे मला दिसलं नाही. दुसरा कागद असता तर? हा प्रश्न मी किती वर्षं मनात घोळवला, त्याला गणती नाही. पुढं कोथरूडमधल्या दोन खोल्यांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, ती कंपनी वाढली, मीही वाढले, अमेरिकाही कामासाठी चारदा बघून झाली. पण मुलाखतीच्या त्या संध्याकाळी धायरीच्या थांब्यावर उतरले तेव्हा मला घरी जावंसंच वाटत नव्हतं. आई दारात होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिनं ताट वाढलं, भाकरीवर तेल घातलं, आणि मी जेवायला लागल्यावर म्हणाली, “उद्या मंदाची पोत द्यायला लोणीला जायचंय. तू घरात बसून राहू नकोस. चल.”

मी गेले, कारण घरात बसवणार नव्हतं. स्वारगेटहून हडपसर, तिथून पुढची बस, मग उसाच्या कडेनं पायवाट. सखूबाई पोत पदराच्या गाठीत बांधून, ती गाठ मुठीत धरून चालत होत्या. मंदाच्या घरी ओसरीवर सासू बसली होती, नवरा खाटेवर. चहापाणी झालं. आईनं पोत आणि करंदीकरांचा नवा दाखला, दोन्ही मंदाच्या हातात दिलं. सासूनं हात पुढं केला. “बघू, आन इकडं.”

मंदानं पोत दिली नाही. ती तशीच मुठीत धरून तिनं दुसऱ्या हातानं कागद उघडला.

“आधी ह्ये वाचते, मग बघा,” ती म्हणाली.

आणि ओसरीच्या मध्यभागी उभं राहून तिनं वाचायला सुरुवात केली. आधी अडखळली. मग आईकडं पाहिलं, आणि आईनं शाळेत करावी तशी नुसती मान हलवली, तशी ती नीट, एकेक शब्द सोडवून वाचायला लागली. वाट्या दोन. मणी चार. वजन. कस बावीस कॅरेट. समक्ष तपासून खात्री केली. खाली सही, शिक्का, तारीख. एकही शब्द तिनं गाळला नाही. बांधावरची दोन माणसं ऐकायला थांबली, त्यांच्यासाठी तिनं कसाची ओळ पुन्हा एकदा, मोठ्यानं वाचली. नवरा खाटेवरून उठून बसला होता. सासूचा हात अजून पुढंच होता. मंदानं कागदाची घडी घातली, ती आपल्या झंपरात ठेवली, आणि पोत स्वतःच्या हातानं गळ्यात घातली.

“मंदा,” सासू म्हणाली, “बाईंस्नी जेवाय वाढ.”